पश्चिमेची पाचर

श्याओमाननं थोरल्या रांजणाची बांबूची टोपी उचलली आणि ती दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली. खाली ठेवेना, परत घालेना. उंबऱ्यावर बसून गुडघ्याला औषधी पट्टी चिकटवत असलेल्या सूजुनला सुनेची नुसती पाठ दिसत होती. पण रांजणांपाशी छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला पाठ पुरते. पट्टी अर्धवट चिकटलेली तशीच सोडून ती चौकटीला धरून उठली.

दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. पावसात टोप्या उचलायच्या नाहीत, हा पु घराण्याचा नियम. ऊन असेल तर रांजण उघडे ठेवायचे, दिवसातून एकदा लांब वल्ह्यानं तळापासून ढवळायचे, आभाळ आलं की टोप्या घालायच्या. त्यात काय शिकायचंय, असं पहिल्या वर्षी प्रत्येकाला वाटतं. आज तिसऱ्या दिवशी आभाळ जरा फाटलं, अंगणातल्या बत्तीस रांजणांवर मळकं पिवळं ऊन पडलं, आणि श्याओमान फाटकाकडून एकेक टोपी उतरवत शेवटी थोरल्यापाशी पोचली होती.

सूजुन तिथपर्यंत जाण्याआधी वासच तिच्यापर्यंत आला. खारवलेली लाल मिरची आणि आंबवलेले वालाचे दाणे वर्षानुवर्षं उन्हात मुरले की जो वास येतो, तो आता तिला येतच नसे. आपल्या घराचा वास कुणाला येतो? हा निराळा होता. ओल्या गोणपाटासारखा, आंबूस.

"आई, आत पाणी गेलंय," श्याओमान म्हणाली.

रांजणाच्या काठापर्यंत तांबूस पाणी साचलं होतं आणि त्यावर पांढरी साय धरली होती. सूजुननं साय बाजूला सारून बोट बुडवलं, जिभेला लावलं. मीठ जवळजवळ नव्हतंच. खाली हात घातला तर मनगटापर्यंत सगळं पिठल्यासारखं पचपचीत लागलं. तिनं हात बाहेर काढला आणि कुठं पुसावा ते न सुचून तसाच धरून ठेवला.

थोरला रांजण विकायचा नसतो. तो विरजणाचा. दर शरद ऋतूत नव्या मिरचीच्या प्रत्येक रांजणात ह्यातलं एक ओगराळं पडतं, म्हणून पुंच्या दौबानला, ह्या मिरची-वालाच्या चटणीला, पुंची चव येते. नाही तर मिरची काय, वाल काय आणि मीठ काय, सगळ्या गावाला तेच मिळतं.

श्याओमाननं टोपी उलटी करून बघितली, मग रांजणाच्या काठावरून काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं. बोटभर जाडीची, घासून गुळगुळीत झालेली बांबूची पाचर होती ती. दमट हवेत टोपी पक्की बसवली तर आत घाम धरतो, म्हणून काठाखाली पाचर सरकवून वाऱ्याला जरा वाट ठेवतात. पाचर लावायची ती पूर्वेच्या बाजूनं, कारण इथं पाऊस येतो तो पश्चिमेच्या डोंगरांवरून, तिरपा. आणि पाऊस आला की आधी पाचर काढायची, मग बाकीचं.

"माझ्याकडून राहिली," श्याओमान म्हणाली. "मी गावातून आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. उघड्या रांजणांकडे धावले. ह्याची टोपी बसलेली दिसली, म्हणून पाचर बघितली नाही. सकाळी मीच लावून गेले असेन."

तिचा आवाज सपाट होता. सूजुननं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि स्वतःच्याच तोंडून, पण स्वतःच्या नसलेल्या आवाजात, शब्द बाहेर पडले:

"एकदा खड्ड्यात पडावं, तेव्हा एक शहाणपण उगवतं."

श्याओमाननं मान खाली घातली. पाचर एप्रनच्या खिशात टाकली आणि बादली आणायला गेली.

हे वाक्य सूजुनच्या सासऱ्याचं. म्हणजे ते साऱ्या देशाचंच आहे, पण या अंगणात ते म्हाताऱ्या पुच्या मालकीचं असल्यासारखं होतं. पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो, हे म्हाताऱ्याला मान्य नव्हतं. ज्याची ठेच त्यानं खावी. त्यानं कुणाला आधी कधी काही सांगितलं नाही. मीठ किती, तर टाकून बघ. वल्हं कसं धरायचं, तर हाताला फोड आला की कळेल. आणि फोड आला की हे वाक्य. सूजुननं त्याच्या हयातीत ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की तो गेल्यावर अंगणात काहीतरी कमी आहे असं तिला वाटत राहिलं, आणि ते काय हे कळायला वर्ष गेलं.

वासानं शेजारची चौ वहिनी आलीच. भिंतीच्या पडलेल्या भागातून पाय टाकून, हातात भाजीची टोपली घेऊन. सूजुनच्याच वयाची, पण गुडघे शाबूत, आणि त्या शाबूत गुडघ्यांवर ती सगळ्या गल्लीची खबर वाहायची.

"वास माझ्या चुलीपर्यंत आला ग. म्हटलं कुणाचं नशीब सडलं ते बघून यावं."

रांजणात डोकावून तिनं खरोखरीच हळहळ केली. चौ वहिनी वाईट बाई नव्हती, फक्त गप्प बाई नव्हती. बादलीनं पाणी उपसणाऱ्या श्याओमानकडे बघत तिनं धीर द्यायला म्हणून सुरुवात केली, की पोरी, मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या सासूनंही नवी नवरी असताना हाच रांजण बुडवला होता, असाच, पाचर राहून.

"तुमच्याकडे सून आली की रांजणाला आंघोळ घालायची चाल आहे की काय?" ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

सूजुन हसली नाही. खालच्या मडक्यात ती तळाचा चांगला भाग वेगळा काढत होती. चार बोटं थर वाचला होता, गर्द, जवळजवळ काळा. छत्तीस वर्षांपूर्वीही चारच बोटं वाचला होता. त्या चार बोटांवर तिनं हा रांजण पुन्हा उभा केला होता, आणि त्याला तीन वर्षं लागली होती.

चौ वहिनी गेल्यावर सूजुननं रांजणाचा काठ फडक्यानं पुसायला घेतला. घराकडच्या बाजूला काठावर एक बोटभर पट्टा कोरडा, स्वच्छ होता. पाचर तिथं होती. त्याच्या दोन्ही बाजूंनी पावसाचं पाणी आत ओघळल्याच्या खुणा होत्या.

घर पश्चिमेला होतं.

तिचा हात फडक्यावरच राहिला. थोरला रांजण अंगणाच्या टोकाला. घराकडून आलं की त्याची पश्चिमेची बाजूच आधी लागते. पूर्वेला जायचं तर मधली पन्हळ ओलांडून दोन पायऱ्या उतराव्या लागतात. श्याओमान दिवसातून दहा वेळा ती पन्हळ उडी मारून ओलांडते. ती पश्चिमेकडून पाचर कशाला लावेल?

मग सूजुनला पाऊस आला त्या दिवशीची दुपार आठवली. आठवली म्हणजे काय, तिनं ती ओढून बाहेर काढली. ड्रॅगन-होड्यांच्या सणाला तिनं वल्हं सुनेच्या हातात दिलं होतं आणि सगळे रांजण आता तुझे असं चौघांत सांगितलं होतं. पण जेवण झालं की तिचे पाय आपोआप थोरल्याकडे जात. टोपी उचलायची, वास घ्यायचा, पाचर सरकवायची, परत येऊन पडायचं. ह्याला ती काम धरत नव्हती. दुपारी आपण पाणी प्यालो की नाही, हे जसं लक्षात राहत नाही, तसं हे. त्या दिवशी श्याओमान नातीच्या, चिचिच्या, शाळेचे कागद आणायला गावात गेली होती. हवा कोंदट होती. गुडघा ठणकत होता. पन्हळीपर्यंत जाऊन ती थांबली, आणि जिथं उभी होती तिथूनच पाचर सरकवून परत फिरली. आणि त्या दिवशीच का? गुडघा धरल्यापासून रोजच ती तिथूनच सरकवत असली पाहिजे.

पाऊस पडत होता ते दोन दिवस ती उंबऱ्यावर बसून वाल सोलत होती. समोर थोरला रांजण होता. टोपी बोटभर वर आहे, हे तिला एकदाही दिसलं नव्हतं.

श्याओमान रिकामी बादली घेऊन परत आली. सूजुननं फडकं पुन्हा फिरवायला घेतलं आणि कोरडा पट्टा पुसून टाकला.

तिनं ते मुद्दाम केलं का, हे तिला पुढंही नीट सांगता आलं नसतं. सांगावं असं मनात होतं. पण सांगायचं म्हणजे नुसतं पाचरीचं सांगून भागत नव्हतं. आपले पाय आपल्याला न विचारता चालतात, डोळ्यांना दहा हातांवरची टोपी दिसत नाही, आणि थोड्या दिवसांत अशा बाईला बत्तीस रांजणांसोबत एकटीला सोडून तुम्ही दोघी जाणार आहात, हे सगळंच सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा काठ पुसणं सोपं होतं.

कारण सून आणि नात जाणार होत्या. मुलगा खाय चार वर्षं छंग्दूत होता, उंच इमारतींत लिफ्ट बसवायच्या कामावर. नात चिचि सहा वर्षांची झाली होती आणि तिचं नाव मोठ्या खटपटीनं तिकडच्या शाळेत लागलं होतं. शाळा एक सप्टेंबरला. वीस ऑगस्टला श्याओमान आणि चिचि निघणार होत्या. चार वर्षांनी नवरा-बायको एका छपराखाली येणार होती. सूजुन सगळ्यांना सांगत होती, जाऊ देत, पोरीनं शिकायला हवं. तोंडानं जा जा म्हणत होती आणि मनात राहा राहा म्हणत होती, आणि ह्या दोन्हींची तिला आता सवय झाली होती.

साडेदहाच्या सुमाराला श्याओमाननं नवऱ्याला फोन लावला. स्वयंपाकघरात उभी होती, आवाज मोठा ठेवला होता, कारण तिकडे ड्रिलचा आवाज असतो. सूजुन बाहेर मिरच्यांची देठं काढत होती. सगळं ऐकू येत होतं.

थोरला रांजण गेला. हो, माझ्या हातून. नाही, आई काही बोलल्या नाहीत. मी आत्ता येत नाही. रांजण पुन्हा मुरून बसेपर्यंत इथंच राहते. चिचि इथल्या शाळेत जाईल, काय बिघडलं, तूही इथंच शिकलास ना. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, रडू नकोस, मुकादम बघेल.

सूजुनला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा? छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. सकाळी उठून एकटीनं बत्तीस टोप्या उचलायच्या, आभाळ आलं की एकटीनं धावायचं, संध्याकाळी एका वाडग्यापुरता भात लावायचा, हे सगळं तीन वर्षं तरी टळलं होतं. तीन वर्षांत ती कदाचित मरूनही जाईल. तिनं मूठभर मिरच्या पुढं ओढल्या आणि देठं काढत राहिली. हात मात्र मघापेक्षा हळू चालत होते.

दुपारी चौ वहिनी पुन्हा भिंतीतून आली. पावसानं वरचं तळं फुटलं होतं, मासे वाटेवर आले होते, आणि तिच्या नवऱ्यानं छत्रीत धरून तीन आणले होते. त्यातला एक तिनं ह्यांना दिला. सांत्वनाचा म्हणून घ्या, असं म्हणून ती गेली; बसली नाही, हे तिच्या मानानं पुष्कळच होतं.

मासा सूजुननंच केला. तळाच्या वाचलेल्यातलं चमचाभर घेऊन तेलात परतलं, तेव्हा घरभर तो ओळखीचा वास पसरला. चिचिनं विचारलं की आजी, आपण शहरात हे नेणार ना? श्याओमान म्हणाली, आधी जेव.

जेवताना सूजुननं माशाच्या पोटाचा तुकडा उचलला. बिनकाट्याचा, मऊ, तुपाळ, सगळ्यांत चांगला. तो घरातल्या वडील माणसाचा मान; नवरा गेल्यापासून तो तिचाच होता. तिनं तो चॉपस्टिकनं नीट धरला, टेबलावरून पलीकडे नेला आणि सुनेच्या वाडग्यात भातावर ठेवला.

"खा. सकाळपासून राबते आहेस."

श्याओमाननं वर बघितलं. आणि सूजुनचा हात परत येता येता मधेच थांबला.

हे तिनं पूर्वी बघितलं होतं. पण टेबलाच्या ह्या बाजूनं नव्हे.

छत्तीस वर्षांपूर्वी ती बावीसची होती. लग्नाला पाच महिने झाले होते. तालुक्याच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून तिची निवड झाली होती. चौऱ्याऐंशी जणांतून सहा निवडले, त्यातली ती दुसरी. एक सप्टेंबरला हजर व्हायचं होतं. ऑगस्टमध्ये पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी थोरल्या रांजणात पाणी निघालं. पाचर पश्चिमेला होती. ती रडली, म्हणाली मामंजी, मला आठवत नाही, पण मीच लावली असणार. म्हाताऱ्यानं पाचरीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, ते वाक्य म्हणाला आणि काठी टेकत आत गेला. शाळेत जाऊ नको असं तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. तिनं स्वतःच नवऱ्याला सांगितलं की रांजण बसू दे, मग बघू. तीन वर्षांनी रांजण बसला तेव्हा खाय कडेवर होता, आणि शाळेत दुसरं कुणी शिकवत होतं.

त्या हिवाळ्यात, नवीन वर्षाच्या जेवणाला, म्हाताऱ्यानं माशाच्या पोटाचा तुकडा उचलला आणि सुनेच्या वाडग्यात ठेवला. सासूनं ओठ आवळले, नवरा बघत राहिला. पुढं दर वर्षी तो ठेवत आला. एकोणीस वर्षं. सूजुनला वाटायचं, वेंधळ्या पोरीची कीव करतो बिचारा. वरून कडक, आतून मऊ, असं तिनं लोकांना सांगितलंही होतं.

काठी टेकत आत गेला.

म्हातारा काठी कधी वापरत नसे. शेवटपर्यंत वापरली नाही. फक्त त्या वर्षी. भातखाचरात त्याच्या पायात खुरपं घुसलं होतं आणि टाच दोन महिने टेकवत नव्हती. पन्हळ ओलांडून दोन पायऱ्या उतरणं त्याला शक्यच नव्हतं. आणि ती? पाचर पूर्वेला, पाचर पूर्वेला, असं मनात घोकत असायची. विसरायला नको म्हणून उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला होता. छत्तीस वर्षं ती स्वतःला विचारत होती, की दोरा बांधलेला असताना माझ्या हातून असं झालं कसं? दुसऱ्या कुणाला विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आजी, तुझी चॉपस्टिक गळतेय," चिचि म्हणाली.

टेबलावर लाल तेलाचे दोन थेंब पडले होते. सूजुननं हात मागं घेतला, चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या. तिला राग आला. मेलेल्या माणसावर इतका राग येऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. एकोणीस तुकडे मासा! मेल्या, एक वाक्य बोलायचं होतंस. मग राग जिथून आला होता तिथंच परत गेला, कारण समोर सुनेच्या भातावर विसावा तुकडा होता आणि तो म्हाताऱ्यानं ठेवलेला नव्हता.

"श्याओमान," ती म्हणाली. "ती पाचर माझी होती."

श्याओमान चिचिच्या वाडग्यातल्या माशातून काटे काढत होती. तिनं एक लांब काटा टेबलाच्या कडेला ठेवला.

"माहीत आहे, आई."

"कधीपासून?"

"सकाळीच. पश्चिमेला होती ना." ती दुसरा काटा शोधत राहिली. "तुमचा गुडघा धरल्यापासून तुम्ही तिकडूनच लावता. तुम्ही आडव्या झालात की मी जाऊन काढते आणि पूर्वेला लावते. दोन महिने झाले. त्या दिवशी मी गावात होते, परत येईपर्यंत पाऊस आला, आणि फाटकातून टोपी बसलेली दिसली. तेव्हा माझ्याकडूनही राहिलंच."

दोन महिने. रोज दुपारी सूजुन भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि बाहेर ही पोर पावलं न वाजवता तिची चूक पूर्वेला नेऊन ठेवायची. आणि ती दर वेळी उठून म्हणायची, बघ, अजून माझा हात चुकत नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? वल्हं देताना तुम्ही चौघांत रडला होता."

"आणि सकाळी? स्वतःवर कशाला घेतलंस?"

श्याओमाननं खांदे उडवले. सकाळी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बोलून गेले, असं काहीसं ती म्हणाली. मग म्हणाली, की तुम्ही ते खड्ड्याचं वाक्य बोललात तेव्हा मात्र मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत होता.

"मग फोनवर नवऱ्याला राहते असं का म्हणालीस? राग होता तर जायचंस."

"मी गेले तर पाचरा कोण फिरवणार, आई?"

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. चिचि दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मोठ्यांचं भांडण चाललंय की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

सूजुननं तो पोटाचा तुकडा सुनेच्या वाडग्यातून परत उचलला. अर्धा केला. अर्धा चिचिला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. तो थंड झाला होता, पण खारटपणा बरोबर होता.

"मला एक सप्टेंबरला शाळेत जायचं होतं," ती म्हणाली. "छत्तीस वर्षांपूर्वी. रांजणासाठी राहिले."

"चौ काकू सांगत असतात."

"चौ काकूला अर्धंच माहीत आहे. मलाही आजपर्यंत अर्धंच माहीत होतं." ती टेबलाला हात टेकून उठली. "नवऱ्याला फोन कर. वीस तारखेलाच ये म्हणावं दोघींना घ्यायला. रांजणाचं मी बघते. बत्तीस नाही झेपायचे. बारा ठेवीन, थोरला धरून. बाकीचे चौ वहिनीला देते, तिला तरी बोलायला दुसरा विषय मिळेल."

"आई, पण तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे."

बाहेर ऊन मघाचंच होतं, पण पश्चिमेकडे डोंगरांवर पुन्हा करडी रेघ धरू लागली होती. सकाळीच थोरला रांजण पुसून मडक्यातलं वाचलेलं विरजण परत त्यात ओतलं होतं. आत खोल, बुडाशी, चार बोटं. सूजुननं टोपी घातली. श्याओमानच्या एप्रनमधून आणलेली पाचर तिच्या मुठीत होती. सवयीनं हात काठाकडे गेला आणि तिनं तो मागं घेतला.

पन्हळीपर्यंत गेली. एका हातानं रांजणाची कड धरून आधी चांगला पाय पलीकडे टाकला, मग दुखरा ओढून घेतला. पहिली पायरी. तिथं ती बराच वेळ उभी राहिली. मग दुसरी. पूर्वेच्या बाजूला पोचली तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला होता. तिनं टोपी बोटभर उचलून पाचर सरकवली, अंगठ्यानं दाबून बसवली आणि दम खायला रांजणाला टेकली.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "एवढंच तर बोलायचं होतं."

श्याओमान उंबऱ्यात उभी होती. ती मदतीला आली नाही. सासू पलीकडे पोचलेली बघून तिनं खिशातून फोन काढला, आणि तिकडे ड्रिलचा आवाज असणार म्हणून आवाज मोठा ठेवला.